भिंतीपलीकडे गेलेला आवाज

मी आयुष्यभर शाळेच्या ग्रंथालयात बसून दुसऱ्यांनी लिहिलेलं सांभाळलं. स्वतः चार ओळीसुद्धा कधी लिहिल्या नाहीत. त्यामुळे हे मला नीट सांगता येईल का, याची शंका आहे.

पण यातलं काहीही मी रचलेलं नाही. तेवढी कल्पनाशक्ती माझ्याकडे असती, तर मी ग्रंथपाल कशाला झालो असतो?

सिल्वासाला किलवणी नाक्याच्या पुढे आमची चार मजली इमारत आहे. तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघं, मी आणि माझी पत्नी उषा. मूळचे आम्ही कोकणातले. नोकरीमुळे इकडे आलो, निवृत्तीनंतर इथेच हा फ्लॅट घेऊन राहिलो. मुलगा निलेश पुण्याला असतो. गेल्या दिवाळीला त्याने आम्हाला मोठा स्मार्ट टीव्ही घेऊन दिला.

आमच्या इमारतीत एक रीत आहे. कुणाच्या घरात भांडण सुरू झालं, की बाकीचे आपापल्या टीव्हीचा आवाज वाढवतात. आम्ही काही ऐकलं नाही, असं दुसऱ्या दिवशी जिन्यात म्हणता यावं म्हणून. ज्याचं भांडण त्याची लाज राखायची. मला ही रीत सभ्य वाटायची.

दिवाळीनंतरची ती दुपार होती. उषा जेवण उरकून मालिका बघायला बसली. शेजारची चंदाही आली होती. चंदा आणि तिचा नवरा गोकुळ हे खानदेशातले, अमळनेरकडचे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. गोकुळ खडोलीच्या एका कारखान्यात मशीनवर असायचा. दुपारी एकटं वाटतं म्हणून ती घराला कुलूप लावून आमच्याकडे यायची.

उषाने टीव्ही लावला.

चित्र आलं.

आवाज नाही…

"मावशी, तुमचा टीव्ही मुका झाला का?" चंदा हसत म्हणाली.

मी माहितीपुस्तिका काढली. मला कुठलीही गोष्ट वाचल्याशिवाय हात लावायची हिंमत होत नाही. पहिल्या पानापासून वाचायला लागलो.

"अहो, ती सासू मरेल तोवर तुमचं वाचन चालेल," उषा म्हणाली. "निलेशला फोन करा."

निलेशने व्हिडिओ कॉल लावला. "बाबा, म्यूट केलंय का बघा."

"नाही."

"आवाज किती आहे?"

"पूर्ण."

"सेटिंगमध्ये जा. साउंड. बाबा, रिमोट टीव्हीकडे धरा, माझ्याकडे नाही!"

चंदा पदर तोंडाला लावून हसत होती.

"आता आउटपुट उघडा. काय लिहिलंय?"

मी चष्मा सरळ केला. 'टीव्ही स्पीकर' या शब्दांवर खूण नव्हती. खूण खालच्या ओळीवर होती. तिथे इंग्रजी अक्षरांत एक नाव होतं.

कारभारी.

"हे कुणाच्यातरी ब्लूटूथ स्पीकरचं नाव आहे," निलेश म्हणाला. "तुम्ही चुकून काहीतरी दाबलं असणार. तुमच्या टीव्हीचा आवाज आता त्या माणसाच्या घरी वाजत असेल. बिचारा!"

मीच चुकलो असणार, असं मलाही वाटलं. मी बहुधा चुकतोच.

"कारभारी कोण?" मी विचारलं. त्या नावाचं इमारतीत कुणी नव्हतं.

तेवढ्यात उषाने हात वर केला. "थांबा जरा… ऐका."



पडद्यावर सासू बोलत होती. ओठ हलत होते.

आणि तिचा आवाज येत होता… भिंतीतून.

चंदाचं हसू मावळलं. "काका, ती भिंत तर आमची आहे. घरात कुणीच नाही. मी कुलूप लावून आली."

मी भिंतीला कान लावला. मालिकेतले संवाद स्पष्ट ऐकू येत होते. पण त्यांच्याखाली आणखी एक आवाज होता.

धप्प…

धप्प…

ओले कपडे दगडावर आपटावेत तसा. आणि प्रत्येक आपटण्यानंतर, कुणाच्या तरी छातीतून हवा बाहेर पडल्यासारखा एक हुंकार.

आम्ही तिघं बाहेर आलो. चंदाने कुलूप उघडलं. किल्ली फिरली, आणि आतला आवाज थांबला.

घर रिकामं होतं. कोपऱ्यात कमरेएवढा उंच, काळा टॉवर स्पीकर उभा होता. लग्नात वाजवतात तसा. चंदाने त्यावर क्रोशाचा रुमाल घालून फुलदाणी ठेवली होती. ती फुलदाणी खाली फुटून पडली होती.

"हा तर चालतच नाही," चंदा म्हणाली. "आधीच्या भाडेकरूचा आहे. माळ्यावर पडला होता. घरमालक म्हणाले, राहू द्या. म्हणून यांनी टेबलासारखा ठेवला."

संध्याकाळी गोकुळने मला तो फिरवून दाखवला. त्याची वायर उंदरांनी कुरतडून तोडली होती. मागचं झाकण उघडं होतं. बॅटरीची जागा रिकामी होती.

"यात जीवच नाही काका," तो म्हणाला.

मी घरी येऊन पुन्हा 'टीव्ही स्पीकर'वर खूण केली. आवाज परत आला. विषय संपला, असं मी स्वतःला सांगितलं.

काही दिवसांनी चंदा आली, तेव्हा तिच्या दंडावर निळे-काळे वळ होते. चार एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला.

बोटांचे.

"गोकुळ हात उचलतो का गं?" उषाने सरळ विचारलं.

"ते? अहो मावशी, ते झुरळ बी मारत नाहीत. झाडूने बाहेर लोटतात अन् म्हणतात, जा भाऊ." ती हसली. मग तिने दंडाकडे बघितलं. "झोपेत काहीतरी लागलं असेल."

गोकुळबद्दल माझ्या मनात पाल चुकचुकली. पण विचारणार कसं? मला माणसांशी बोलायची भीती वाटते. मी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी जयवंतराव यांच्याकडे गेलो. ते तळमजल्यावर राहतात. आमच्या आधीपासून इमारतीत आहेत.

"जयवंतराव, आपल्याकडे कधी कारभारी नावाचं कुणी राहायचं का?"

त्यांच्या हातातला चहाचा कप बशीवर आपटला.

"सर, तुम्हाला कुणी सांगितलं?"

मग ते हळूहळू बोलले.

कारभारी हा चंदाच्या घरातला आधीचा भाडेकरू. बायकोचं नाव कमळाबाई. तो तिला मारायचा. मारायच्या आधी स्पीकर लावायचा, मोठ्याने. बाहेर फक्त गाणी ऐकू यायची. गाण्यांमध्ये थोडी फट पडली, की किंकाळी यायची. मग तो आवाज वाढवायचा.

"आणि तुम्ही लोक?"

जयवंतराव माझ्याकडे बघत नव्हते. "आम्ही आपापले टीव्ही मोठे करायचो."

एका दुपारी स्पीकर थांबलाच नाही. संध्याकाळपर्यंत तेच गाणं पुन्हा पुन्हा वाजत राहिलं. शेवटी दार तोडलं. कमळाबाई ओट्याखाली पडली होती. तिचं डोकं ओट्याच्या कडेवर इतक्या वेळा आपटलं होतं, की चेहरा ओळखू येत नव्हता. कारभारी पंख्याला लटकत होता. त्याच्या मुठीत केसांचा झुपका होता, मुळासकट. खाली गाणं चालूच होतं.

मी वर आलो.

गोकुळला सगळं सांगितलं. तो भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हता, पण चंदाच्या दंडावरचे वळ त्यानेही पाहिले होते.

"काका, रविवारी सुट्टी आहे. एकट्याला उचलत नाही तो. मित्राला बोलावतो अन् टाकून देतो."

रविवार यायचा होता.

त्याआधीच्या एका दुपारी मी खुर्चीत वाचत बसलो होतो. उषाने टीव्ही लावला. मालिकेत कुणाचं तरी लग्न चाललं होतं. सनई, अक्षता, हसणाऱ्या बायका.

आवाज नाही…

आमच्या खोलीत शांतता होती, आणि भिंतीपलीकडे सनई सुरू झाली.

यावेळी ती इतकी मोठी होती, की आमच्या शोकेसमधले पेले किणकिणायला लागले.

"चंदा आज का आली नाही?" उषा म्हणाली.

आणि मग, सनईच्या खालून…

धप्प.

मी उठलो. बाहेर आलो. चंदाच्या दाराला कुलूप नव्हतं. दार आतून बंद होतं.

"चंदा! चंदा, दार उघड!"

माझा आवाज जन्मापासून बारीक. ग्रंथालयातली मुलंसुद्धा ऐकायची नाहीत. सनईत तो मलाही ऐकू आला नाही.

धप्प.

दाराची लाकडी फळी माझ्या तळहाताखाली थरथरली. पलीकडून कुणीतरी दारावर आदळलं होतं. मग नखं… वरून खाली फळीवर ओरखडत गेलेली. कुणीतरी तिला दारापासून मागे ओढत होतं.

आणि तेव्हा इमारतीतले टीव्ही वाढायला लागले.

आधी वरच्या मजल्यावरचा. बातम्या. मग समोरचा, क्रिकेट. मग खालून गुजराती भजन. एकेक घर आपापला आवाज वाढवत होतं. दारं बंद होत होती. सगळे चंदाची लाज राखत होते.

मी दारावर मुठी आपटत होतो. कुणी बाहेर येईना.

मग एकदम माझ्या डोक्यात आलं.

ही सनई माझ्या टीव्हीची आहे.

किंकाळ्या झाकायला कारभारीला लागणारा आवाज माझ्या घरातून जातो आहे.

मी आत धावलो. रिमोट दाबला. काही होईना. पडद्यावर नवरी हसत होती. टीव्हीच्या मागे हात घातला, प्लग सापडेना. शेवटी वायर दोन्ही हातांनी धरली आणि जोर लावून ओढली. प्लगमधून ठिणगी उडाली. मी पाठीवर पडलो.

पडदा काळा झाला.

सनई तुटली.

आणि त्या मोकळ्या जागेत चंदाची किंकाळी आली.

तशी किंकाळी मी कधी ऐकली नव्हती. बोकड कापताना अर्ध्यात सोडला, तर तो ओरडेल तशी. ती जिन्यातून तळमजल्यापर्यंत गेली. बातम्यांवरून, क्रिकेटवरून, भजनावरून गेली. आणि मग, न ऐकल्याचं सोंग कुणालाच करता येईना.

दारं उघडली. जयवंतराव वर धावत आले. दोघातिघांनी खांदे लावले. कडी उखडली.

आम्ही पाच जणांनी ते पाहिलं.

चंदा स्वयंपाकघरात गुडघ्यांवर होती. तोंड रक्ताने माखलेलं. जबडा एका बाजूला सरकलेला. तिचे लांब केस डोक्यावर सरळ ताणलेले होते. कुणीतरी मुठीत धरल्यासारखे.

त्या केसांच्या टोकाला कुणीच नव्हतं.

आमच्या डोळ्यांदेखत तिचं डोकं मागे ओढलं गेलं… आणि ओट्याच्या कडेवर आपटलं.

धप्प.

एक दात फरशीवरून घरंगळत माझ्या पायाशी आला.

मग केस सुटले. ती पडली.

घरात दुसरं कुणी नव्हतं. खिडक्यांना गज होते. कोपऱ्यात तो काळा स्पीकर उभा होता. त्याच्या तळाशी एक निळा दिवा लागला होता. आम्ही बघत असतानाच तो विझला.

चंदा जगली. बरगड्या मोडल्या होत्या, जबड्याला तारा घातल्या. पोलिसांनी गोकुळला धरलं. पण त्या दुपारभर तो खडोलीत मशीनसमोर उभा होता. सगळ्या शिफ्टने पाहिलं होतं. त्याला सोडावं लागलं. चंदाला बोलता यायला लागलं, तेव्हा ती आम्हाला एवढंच म्हणाली,

"हात मोठे होते काका. यांचे नाहीत. अन् तो सारखा विचारायचा, 'आवाज वाढवू का अजून?'"

जयवंतरावांनी चौघांच्या मदतीने स्पीकर गच्चीवर नेऊन खाली टाकला. तो फुटला. आत वायर नव्हती, बॅटरी नव्हती. फक्त केसांची एक गुंडाळी होती. मेंदी लावलेले, मुळाशी पांढरे केस. चंदाचे केस काळेभोर आहेत. गोकुळने ते सगळं पेटवून दिलं.

ते दोघं जवळच्याच दादरा गावात राहायला गेले. शेजारचं घर तेव्हापासून रिकामं आहे.

आमचा टीव्ही मी कपाटात ठेवला. आणि मला एक सवय लागली. रोज दुपारी मी जिन्यातून वरखाली करतो. मी, ज्याला कुणाच्या दाराची बेल वाजवायची लाज वाटायची, तो आता प्रत्येक घरी विचारतो, "तुमच्या टीव्हीला आवाज आहे ना?"

"आहे काका, या, चहा घ्या," म्हणतात. मागे हसतात. हसू देत.

दोन आठवड्यांपूर्वी मी दुसऱ्या मजल्यावर आलो. तिथे प्राजक्ता नावाची शिक्षिका एकटी राहते. तिच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. जिन्याकडची खिडकी उघडी होती.

आत टीव्ही चालू होता. ती घाईत बंद करायला विसरली असावी.

पडद्यावर लोक नाचत होते.

आवाज नव्हता…

 खाली मीटरच्या खोलीपर्यंत कसा पोहोचलो आठवत नाही. मी मुख्य खटका ओढून अख्ख्या इमारतीची वीज घालवली. मग चंदाला फोन लावला.

तिने उचलला.

"चंदा? चंदा, बरी आहेस ना?"

पलीकडून काहीच नाही. फोनच्या पडद्यावर सेकंद पुढे सरकत होते. फोन चालू होता. आवाज नव्हता.

मी गोकुळला कळवलं. तो कारखान्यातून तसाच घरी धावला. चंदा पलंगावर बसली होती. अंगावर एक ओरखडा नव्हता. तिने त्याला पाहून तोंड उघडलं. ओठ हलले.

आवाज आला नाही.

डॉक्टरांनी घसा तपासला. दुर्बीण घालून पाहिलं. घशात काही दोष नाही म्हणतात. धसका घेतला असेल, येईल हळूहळू. तिने नवऱ्याला खुणेने सांगितलं, मावशींकडे जायचं.

काल दुपारी गोकुळ तिला घेऊन आमच्याकडे आला. उषाने तिला जवळ घेतलं. टीव्हीच्या रिकाम्या जागेसमोर, त्याच सोफ्यावर बसवलं.

"कशी आहेस गं पोरी?"

चंदाने ओठ हलवले.

आणि भिंतीपलीकडून, त्या रिकाम्या, कुलूपबंद घरातून, तिचा आवाज आला…

"बरी आहे, मावशी."

 गोकुळने तिचा खांदा घट्ट धरला. चंदाचे डोळे विस्फारले. तिने दोन्ही तळहात स्वतःच्या तोंडावर दाबले. ओठ मिटले.

पण पलीकडचा आवाज थांबला नाही.

"नको… केस सोडा… नको ना…"

धप्प.

मी उठलो. टीव्हीच्या जागेकडे गेलो. भिंतीतल्या प्लगवर हात फिरवला. तिथे ओढायला काहीच नव्हतं.

आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी आपल्या टीव्हीचा आवाज वाढवला.